गडद रम आणि मसाल्याची रम: ओळखावी कशी, चाखावी कशी, घरी मुरवावी कशी

रमच्या बाटल्यांसमोर उभा राहिलेला नवखा माणूस हटकून रंग बघतो. पांढरी म्हणजे कोवळी, सोनेरी म्हणजे थोडी मुरलेली, काळीभोर म्हणजे जुनी आणि दमदार, असा हिशोब तो मनात मांडून टाकतो. मीही बरीच वर्षं असाच निवडत होतो. हा हिशोब चुकीचा आहे, आणि तो सोडल्याशिवाय रम कळत नाही.

बाजारातल्या कितीतरी गडद रमना तो काळा रंग पिंपातून मिळालेला नसतो. साखर जाळून केलेल्या कॅरॅमलचा तो रंग असतो. उलट काही पांढऱ्या रम दोन-तीन वर्षं पिंपात मुरवून, मग कोळशातून गाळून रंग काढलेल्या असतात. म्हणजे डोळ्यांची साक्ष इथे कच्ची. मसाल्याच्या रमचं त्याहून गमतीदार आहे. तिच्यातला व्हॅनिलाचा आणि लवंगेचा वास वरून घातलेला असतो हे खरं, पण तेच दोन वास ओकचं लाकूड स्वतःहूनही रमला देत असतं. हे कसं, ते पिंपापाशी पोहोचलो की सांगतो. घरी मसाला मुरवताना सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट तीच आहे.

मळी

उसाचा रस आटवून साखरेचे दाणे काढून घेतले की मागे जो काळा, चिकट, दाट द्रव उरतो ती मळी, म्हणजेच मोलॅसिस. जगातली बहुतेक रम हिच्यापासून होते. मळीत अजून जवळपास निम्मी साखर शिल्लक असते, पण ती दाण्यांच्या रूपात निघत नाही. सोबत खनिजं आणि पुन्हा पुन्हा तापवल्यामुळे आलेली करपट, कडसर चव असते. गडद रममध्ये जी काळ्या गुळासारखी, किंचित खारट खोली जाणवते तिचं मूळ इथे आहे.

मार्टिनिकसारख्या फ्रेंच कॅरिबियन बेटांवर मात्र मळीऐवजी ताजा रस आंबवतात. त्या रमला ‘रम अॅग्रिकोल’ म्हणतात आणि मार्टिनिकच्या अॅग्रिकोलला १९९६ पासून फ्रान्सचा मूळस्थानाचा कायदेशीर दर्जा आहे. तिला हिरव्या गवताचा, ओल्या उसाचा वास येतो. ती वेगळीच दुनिया आहे. या लेखात आपण मळीच्या रमबरोबर राहू.

आंबवणं: चव इथे जन्मते

मळीत पाणी घालून ती पातळ करायची आणि यीस्टच्या हवाली करायची. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. फारसं बोललं जात नाही ते असं, की यीस्टला किती वेळ दिला यावर रमचा स्वभाव ठरतो. एक-दोन दिवसांत उरकलं की रम हलकी, साफ. आठवडा-दोन आठवडे चाललं की यीस्टच्या जोडीला जीवाणूही कामाला लागतात, आम्लं तयार करतात, आणि आम्ल व अल्कोहोल एकत्र येऊन एस्टर बनतात. पिकलेल्या फळांचा वास हा एस्टरचा वास असतो. एथिल ब्युटिरेट म्हणजे अननस, आयसोअमाइल अॅसिटेट म्हणजे केळं. एथिल अॅसिटेट जास्त झालं तर थेट नेलपॉलिश.

जमैकानं हे टोकाला नेलं. तिथल्या हॅम्पडेनसारख्या जुन्या डिस्टिलरीत लाकडी उघड्या टाक्यांत हवेतलं रानटी यीस्टच काम करतं. आधीच्या भट्टीच्या तळाशी उरलेला आंबट गाळ, ज्याला ‘डंडर’ म्हणतात, तोही नव्या घाण्यात घालतात. अशा रमना एस्टरच्या प्रमाणानुसार अक्षरांची चिन्हं असतात. हॅम्पडेनचं ‘डीओके’ हे चिन्ह सर्वात वरचं. त्यात शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे सुमारे १६०० ग्रॅमपर्यंत एस्टर असतात. हे द्रव्य मुळात प्यायला केलेलंच नव्हतं. थोडंसं मिसळून मोठ्या साठ्याला वास आणायचा, यासाठी ते होतं. एकदा नुसतं हुंगून बघण्याची संधी मिळाली तर सोडू नका. सडायला टेकलेलं अननस, ओला रंग आणि ऑलिव्ह एकाच वेळी नाकात शिरतात. त्यानंतर कुठल्याही चांगल्या गडद रममध्ये तो जमैकन धागा तुम्हाला बरोबर सापडतो.

भट्टी

आंबलेल्या द्रवात अल्कोहोल साधारण सहा ते दहा टक्के असतं. ते वेगळं काढायच्या दोन पद्धती. तांब्याच्या मोठ्या हंड्यात, म्हणजे पॉट स्टिलमध्ये, घाणा-घाणा करून गाळलं तर वास, तेलं, वजन बरंचसं सोबत येतं. उंच मनोऱ्यासारख्या कॉलम स्टिलमध्ये काम अखंड चालतं, अल्कोहोल खूप शुद्ध निघतं आणि रम हलकी होते. कॉलमला आजचं रूप देणाऱ्या एनिअस कॉफी याचं पेटंट १८३० चं आहे. बहुतेक चांगल्या गडद रम या दोन्हींचं मिश्रण असतात. हंड्यातून अंग, कॉलममधून सफाई.

गयानातल्या डेमेरारा नदीकाठची डायमंड डिस्टिलरी याला अपवाद म्हणून पाहावी अशी. तिथे आजही लाकडाच्या भट्ट्या चालतात. पोर्ट मोरांट ही जोड-हंड्याची, व्हर्साय ही एका हंड्याची आणि एन्मोर हा लाकडी कॉलम. ग्रीनहार्ट नावाच्या स्थानिक कठीण लाकडाच्या या भट्ट्या ज्या मळ्यांवर होत्या ते मळे बंद पडले, तरी भट्ट्या हलवून जपल्या. कारण साधं आहे: ती चव दुसऱ्या भट्टीतून निघत नाही. पोर्ट मोरांटची रम तोंडात घेतली की बडीशेप, शिशपेन्सिलीचं लाकूड आणि काळी मळी अशी लागते. ‘डेमेरारा’ हा शब्द लेबलवर दिसला की जडशीळ गडद रमची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

पिंप

रमची बरीचशी पिंपं सेकंडहँड असतात. अमेरिकेच्या कायद्यानुसार बर्बन व्हिस्कीला दर वेळी आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं ढिगानं उपलब्ध होतात आणि रमवाले ती घेतात. जाळलेल्या लाकडातल्या लिग्निनपासून, म्हणजे लाकडाला कणखर ठेवणाऱ्या घटकापासून, व्हॅनिलिन सुटतं. व्हॅनिलाच्या शेंगेतलं मुख्य वासाचं द्रव्यही व्हॅनिलिनच. ओकमध्ये युजेनॉल असतं आणि लवंगेचा वास म्हणजे युजेनॉल. ओकची लॅक्टोनं नारळाचा वास देतात. म्हणजे मसाल्याचा डबा पिंपाच्या लाकडात अर्धाअधिक आधीच भरलेला आहे. मसाल्याची चांगली रम या लाकडी सुरांना थोडं पुढे नेते. वाईट रममध्ये कोवळ्या, बेचव स्पिरिटवर व्हॅनिलाचं पांघरूण घातलेलं असतं.

उष्ण हवेत पिंप जोरात काम करतं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के द्रव उडून जातो, कॅरिबियनमध्ये सहा टक्के किंवा त्याहून जास्त. म्हणून तिथली आठ-दहा वर्षांची रम चांगलीच पिकलेली असते. वीस वर्षांपुढे लाकूड रमला गिळायला लागतं. आकडा मोठा म्हणून रम मोठी, असं इथे होत नाही.

आरमाराचा घोट आणि त्यामागचे हात

बार्बाडोसवर इंग्रज १६२७ मध्ये वसले, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत बेटभर ऊस झाला आणि साखरेच्या मागे उरणाऱ्या मळीतून रम आली. माउंट गे डिस्टिलरीचा जुना दस्तऐवज १७०३ चा आहे. हा सगळा डोलारा आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर उभा होता. ऊस त्यांनी तोडला, कढया त्यांनी ढवळल्या, भट्ट्या त्यांनी सांभाळल्या. रम परत पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायलाही वापरली गेली. रमचा वारसा म्हणून फक्त चाचे आणि जहाजं सांगितली जातात तेव्हा मला राग येतो. ब्रिटिश वसाहतींत गुलामी कायद्यानं १८३४ मध्ये संपली आणि खरी सुटका १८३८ मध्ये झाली. आज आपण ज्याला रमची परंपरा म्हणतो ती त्याआधी जवळपास दोनशे वर्षं चालू होती.

ब्रिटिश आरमारानं १६५५ मध्ये जमैका घेतल्यावर जहाजांवर ब्रँडीच्या जागी रम आली. १७३१ मध्ये रोजचा अर्धा पाइंट नियमात बसला. १७४० मध्ये अॅडमिरल एडवर्ड व्हर्ननं खलाशांची झिंग आवरायला त्यात चौपट पाणी मिसळून दोन वेळांत वाटण्याचा हुकूम काढला. तो ग्रॉग्रम कापडाचा अंगरखा घालायचा, म्हणून त्याला ‘ओल्ड ग्रॉग’ म्हणत आणि त्याच्या पाणीदार रमला ‘ग्रॉग’. पुढे माप कमी कमी होत गेलं, पण रोजचा घोट ३१ जुलै १९७० पर्यंत टिकला. आरमाराची रम ही गयाना, त्रिनिदाद आणि इतर ठिकाणच्या रमचं गडद मिश्रण होती. ‘नेव्ही रम’ची जड, काळी चव लोकांच्या जिभेवर बसली ती तिथून.

लेबल वाचताना

लेबलवरचं ‘डार्क’, ‘ब्लॅक’, ‘गोल्ड’ हे रंगाचं वर्णन आहे. त्यातून वय कळत नाही. बघायचं ते हे: रम कुठल्या देशाची, कुठल्या भट्टीची, आणि वयाचा आकडा कशाचा आहे. जमैका आणि बार्बाडोसच्या बाटलीवर आठ वर्षं लिहिलं असेल तर मिश्रणातली सर्वात कोवळी रमही आठ वर्षांची असते. ‘सोलेरा’ (जुन्या रममध्ये नवी रम मिसळत राहण्याची पद्धत) या शब्दासोबत मोठा आकडा असेल तर तो बहुधा सर्वात जुन्या थेंबाचा असतो, बाकीचं त्याहून बरंच कोवळं असू शकतं.

दुसरी गोष्ट, गोडवा. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमांनुसार रममध्ये लिटरमागे जास्तीत जास्त २० ग्रॅम साखर चालते आणि अल्कोहोल किमान ३७.५ टक्के लागतं. मसाला किंवा स्वाद घातला की तिथे नुसतं ‘रम’ असं नाव देता येत नाही. म्हणून मसाल्याच्या बाटल्यांवर ‘स्पिरिट ड्रिंक’ दिसतं आणि ताकद कित्येकदा ३५ टक्के असते. ३५ टक्क्यांची मसाल्याची बाटली बव्हंशी सोड्यात किंवा कोलात मिसळण्यासाठी केलेली असते. तिच्याकडून नुसतं चाखण्याचा आनंद मागू नका.

चाखायची रीत

ट्यूलिपच्या आकाराचा छोटा ग्लास घ्या, वीस-पंचवीस मिलिलिटर ओता आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या. नाक ग्लासात खुपसायचं नाही. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि वास वर येऊ द्या. मग हळूहळू जवळ आणा. पहिला घोट फक्त जिभेला सवय लावण्यापुरता, त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट तोंडात फिरवा आणि गिळल्यावर घशात काय उरतं ते मोजा. गोडवा लगेच संपून लाकूड, मळी, फळ रेंगाळलं तर रम खरी पिकलेली. गोडवाच रेंगाळला तर साखर.

ग्लास संपल्यावर तो तसाच झाकून ठेवा आणि सकाळी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, मागे राहतं ते पिंप आणि मळी. मला रमबद्दलचं सर्वात खरं उत्तर या रिकाम्या ग्लासानं दिलेलं आहे.

साखरेची शंका असेल तर घरगुती परीक्षा अगदी सोपी. पांढऱ्या बशीत चमचाभर रम पसरवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी बोटाला कोरडा, पातळ तपकिरी डाग लागला तर ठीक. बोट चिकटलं, पाकासारखी तार आली तर साखर भरपूर आहे. आकडाच हवा असेल तर अल्कोहोलमीटर घ्या. शुद्ध पाणी-अल्कोहोलासाठी आखलेला हा काटा साखर असली की कमी दाखवतो, कारण साखरेनं द्रव जड होतो. २० अंश सेल्सिअसला ४० टक्के लिहिलेली रम काट्यावर ३५ दाखवत असेल तर तिच्यात लिटरमागे सुमारे २० ग्रॅम साखर आहे असं धरा. चाळिशीच्या आसपास एका अंकाला साधारण चार ग्रॅम.

घरी मसाला मुरवताना

आधी एक सांगतो: घरी गाळायच्या भानगडीत पडू नका. ते बहुतेक देशांत बेकायदा आहे आणि आगीचा धोका खरा आहे. आपण विकत घेतलेल्या रममध्ये मसाला मुरवणार आहोत, एवढंच.

पहिल्यांदा मी सगळे मसाले एकाच बरणीत टाकले, सहा लवंगा घातल्या आणि तीन आठवडे विसरून गेलो. उघडल्यावर पहिल्याच घोटात जीभ बधिर झाली. दालचिनी कडू झाली होती, व्हॅनिला कुठेच नव्हता. ती रम मार्गी लावायला आणखी दोन बाटल्या साधी रम ओतावी लागली. तेव्हा कळलं की प्रत्येक मसाल्याचं घड्याळ वेगळं असतं. लवंग काही तासांत सगळं देऊन टाकते, व्हॅनिला आठवडाभर घेतो.

म्हणून मी आता उलटी गणती करतो. सगळं एकदम घालून एक-एक शोधून काढण्यापेक्षा, हळू मसाला आधी आणि झटपट मसाला शेवटी घालायचा, म्हणजे सगळं एकाच दिवशी गाळता येतं.

रम निवडा ती तीन ते पाच वर्षं मुरलेली, मध्यम अंगाची, ४० टक्क्यांच्या वरची. ४३ किंवा ४६ मिळाली तर उत्तम, कारण पाकानं ताकद थोडी उतरते. बार्बाडोसच्या धाटणीची रम इथे फार छान वागते. तिचं स्वतःचं लाकूड असतं, पण ती मसाल्याशी भांडत नाही. दमदार जमैकन रम हवीच असेल तर सातशेमध्ये शंभर मिलिलिटर इतकीच मिसळा. फार जुनी, महाग रम यासाठी वापरू नका. पिंपानं वीस वर्षांत केलेलं नाजूक काम लवंग एका रात्रीत झाकून टाकते.

सातशे मिलिलिटर रमसाठी: पहिल्या दिवशी व्हॅनिलाची एक शेंग उभी चिरून, आतले काळे दाणे सुरीनं खरवडून, शेंगेसकट काचेच्या स्वच्छ बरणीत घाला आणि रम ओता. झाकण घट्ट, जागा अंधारी. रोज एकदा हलवा. पाचव्या दिवशी पाच-सहा सेंटिमीटरचा दालचिनीचा तुकडा, ऑलस्पाइसचे चार दाणे आणि आल्याच्या दोन पातळ चकत्या. दालचिनी सिलोनची घ्या, पापुद्र्यांची, बोटांनी मोडणारी. जाड सालीच्या कॅशियाची चव तिखट असते आणि तिच्यात कुमारिनही, म्हणजे जास्त झालं तर यकृताला त्रास देणारं द्रव्यही, बरंच जास्त असतं. सहाव्या दिवशी दोन लवंगा, फक्त दोन. सोबत संत्र्याच्या सालीची एक पट्टी, आतला पांढरा भाग काढून, कारण कडूपणा त्याच भागात असतो. जायफळ दोन-तीन वेळा किसणीवर ओढा, त्याहून जास्त नको. जायफळाचा अतिरेक चवीलाही वाईट आणि प्रकृतीलाही.

सहाव्या दिवसापासून दर सहा-आठ तासांनी चमच्यावर दोन थेंब घेऊन, थोडं पाणी घालून चाखा. पाणी घातल्यावर दोष लवकर दिसतात. लवंग पुढे येऊ लागली की थांबा, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. बहुतेक वेळा सातव्या दिवशी सकाळी हे होतं.

गाळताना आधी मलमलच्या कापडातून, मग कॉफीच्या कागदी फिल्टरमधून. दुसऱ्या गाळण्याला वेळ लागतो, कागद दाबू नका. दाबलं की चूर्ण उतरतं आणि रम गढूळ राहते.

गोडवा शेवटी आणि चवीनं. दोन भाग तपकिरी साखर आणि एक भाग पाणी, वजनानं, असा पाक करून थंड करा. पाच मिलिलिटर घाला, हलवा, चाखा. पंधरा मिलिलिटरवर मी थांबतो. हिशोब केला तर लिटरमागे १९ ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे युरोपच्या मर्यादेच्या आतच. दुकानातल्या मसाल्याच्या रमपेक्षा ही कमी गोड लागेल. तशीच हवी. त्या गोडव्याखाली मळी ऐकू यायला हवी.

लगेच पिऊ नका. बाटलीत एक आठवडा तशीच ठेवा. सुरुवातीला मसाला रमवर तरंगतो आहे असं वाटतं, आठवड्यानं तो आत उतरतो. अजूनही लवंग कमी वाटली तर लवंगेचा अर्क ठेवा: पन्नास मिलिलिटर रममध्ये पाच लवंगा तीन दिवस. त्याचा एकेक थेंब मोजून घालायचा. कमी झालेलं वाढवता येतं, वाढलेलं काढता येत नाही, म्हणून मी लवंगेला कधीच मोकळं सोडत नाही.

ग्लासात

गडद रमला आलं मानवतं. बर्म्युडाच्या काळ्या रमवर आधारलेलं ‘डार्क अँड स्टॉर्मी’ म्हणजे बर्फावर जिंजर बिअर आणि वरून सावकाश ओतलेली पन्नास-साठ मिलिलिटर रम. रम वरच काळ्या ढगासारखी थांबते, म्हणून ती शेवटी ओतायची. मोठ्या भांड्यात पंच करायचं तर कॅरिबियनचा जुना मंत्र पुरतो: एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक, चार भाग पातळ. म्हणजे लिंबूरस, पाक, रम आणि पाणी किंवा बर्फ, वर किसलेलं जायफळ. माझ्या जिभेला दोन भाग गोड जास्त होतं, मी दीडवर आणतो.

घरची मसाल्याची रम मात्र पहिल्यांदा एका मोठ्या बर्फाच्या खड्यावर, बाकी काही न घालता घ्या. बर्फ वितळत जातो तसा आधी संत्रं, मग व्हॅनिला, शेवटी लाकूड पुढे येतं.

उरलेली बाटली उभी ठेवा, आडवी नको, नाहीतर कडक रम बुचाचं लाकूड खाते. उन्हापासून लांब ठेवा. निम्मी संपली की लहान बाटलीत काढा, कारण मोकळ्या जागेतली हवा आधी संत्र्याचा वास पळवते. माझ्या अनुभवात तीन-चार महिन्यांत ती साल फिकी पडते, लवंग-दालचिनी टिकून राहतात आणि मग बाटलीत ताज्या सालीची एक पट्टी एका रात्रीपुरती टाकली की चव परत येते.